नांगर न घालता चितळांसाठी कुरण

गाव उठून गेलेल्या शेतात कुरण आपोआप येत नाही. ताडोबातल्या नवेगाव-जामणीसारख्या पुनर्वसित गावांच्या जागी आज दिसणाऱ्या मोकळ्या माळांवर दरवर्षी माणसांचे हात लागतात. वर्षानुवर्षे नांगरलेल्या जमिनीत चाऱ्याच्या गवताचे बी उरत नाही. उरते ते तरोटा आणि भुतगांजा या तणांचे. म्हणूनच अशा जमिनीत नांगर-वखर घालू नये. खोल गाडलेले तणाचे बी वर येते आणि पहिल्याच पावसात तरोटा गुडघाभर होतो. विळा, खुरपे, कुदळ आणि पोती एवढ्यावर काम भागते. जंगलाच्या हद्दीतले काम अर्थातच वनविभागाच्या आराखड्याप्रमाणे आणि परवानगीनेच.

काम आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवताचे बी गोळा करण्यापासून सुरू होते. मारवेल, पवना, डोंगरी ही त्याच भागातली गवते निवडा. तिखाडी घेऊ नका, तिच्या उग्र वासामुळे जनावरे तिला टाळतात. कुसळही नको: कोवळे असताना खाल्ले जाते, पण पुढे त्याची टोके तोंडात रुततात. संकरित नेपिअर गवत शेतकऱ्याच्या गोठ्याला ठीक, जंगलात त्याला जागा नाही.

कणीस मुठीत धरून ओढल्यावर बी सहज हातात आले, की ते तयार झाले. थोडे तळहातावर चोळून फुंकर मारा. फोल उडून बारीक दाणे मागे राहिले पाहिजेत. काहीच राहिले नाही तर ते नुसते भूस आहे. सगळे ओरबाडू नका, मूळ जागीही बी पडू द्या. सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा. ताजे बी बहुधा उगवत नाही, त्याला काही महिने विश्रांती लागते. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून उगवण पाहा. तीसच्या आत असेल तर बियाणे वाढवा.

जूनमध्ये एकदोन चांगले पाऊस होऊन तण उगवू द्या, ते खुरपून टाका आणि मगच पेरा. उताराला आडव्या, दीड-दोन फुटांवर, बोटाच्या पेराएवढ्या उथळ रेघा ओढा. एकरी दोन ते अडीच किलो बी पुरते. ते लवदार असल्याने एकमेकांत गुंतते, म्हणून आठ-दहा पट ओलसर मातीत किंवा वाळूत कालवा. वर जेमतेम सेंटिमीटरभर माती ओढून पायाने दाबा. बी खोल गेले तर उगवत नाही आणि उघडे राहिले तर मुंग्या नेतात. मुंग्यांचा त्रास जास्त असेल तर एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती आणि एक भाग वाळू मळून गोळ्या करा.

बी कमी असेल तर जुलैच्या झडीत ठोंबे लावा. जुना गड्डा खणून वरचा पाला वीतभर ठेवून छाटा, दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करा आणि ५० सेंटिमीटरवर रोवा. या अंतराने एकरी सोळा हजार ठोंबे लागतात, म्हणून हा मार्ग लहान तुकड्यांसाठीच. मधली जागा बी पडून भरत जाते.

खरी मेहनत ऑगस्टची. तरोटा फुलण्याआधी मुळासकट उपटा. कापला तर बुडातून फुटतो आणि उशिरा का होईना, शेंगा धरतोच. जमीन ओली असताना तो हलक्या हाताने निघतो, सुकल्यावर देठ तुटून मूळ आत राहते. भुतगांजाही तुरे येण्याआधीच काढा. हे निदान तीन पावसाळे करावे लागते, कारण मातीतले बी एकदम उगवत नाही. पैसे कमी असतील तर लागवड निम्म्या जागेवर करा, पण निंदणी सोडू नका.

पहिल्या वर्षी चराई नको. रोपाने मूळ धरलेले नसते आणि चितळ कोवळे पान ओढताना ते उपटून येते. गावची गुरे तर आठवड्यात सपाट करतील. बोरी-बाभळीच्या वाळक्या काट्यांचे कुंपण लहान तुकड्यांना पुरते. खासगी शेतात हे करणार असाल तर शेजाऱ्याच्या पिकापासून लांबचा कोपरा निवडा. चितळांसोबत रानडुकरेही येतात.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर, बी झडल्यावर, गवत पट्ट्यापट्ट्याने कापा. चितळ कापलेल्या पट्ट्यातल्या नव्या फुटव्यावर येते, न कापलेला उंच पट्टा पाडसांना लपायला राहतो. पुढच्या वर्षी पट्टे अदलाबदल करा.