वॅटच्या आकड्यांना न भुलता घरच्या स्टिरिओसाठी ॲम्प्लिफायर कसा निवडावा

ॲम्प्लिफायर शोधायला बसलं की आधी अंगावर येतात ते वॅटचे आकडे. कुणी ५० म्हणतं, कुणी ३००, आणि रंगीत दिवे लुकलुकणाऱ्या एखाद्या डब्यावर तर बिनदिक्कत ५००० छापलेलं असतं. पण दहा बाय बाराच्या खोलीत, शेजारी तक्रार घेऊन येणार नाहीत इतक्या आवाजात गाणं चालू असतं, तेव्हा स्पीकरकडे सरासरीने एक वॅटसुद्धा जात नसतो. म्हणून कमी पैशात चांगला ॲम्प्लिफायर मिळणं अजिबात अवघड नाही. त्याने सांगितलेले वॅट खरे असावेत आणि ते तुमच्या स्पीकरला पुरावेत, एवढंच बघायचं. पुढचं सगळं दोन स्पीकरच्या स्टिरिओबद्दल आहे. पाच-सात स्पीकरच्या होम थिएटरचा हिशेब वेगळा.

पायरी १ : ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी घ्या

आधी स्पीकर ठरू द्या. आवाजात स्पीकर आणि खोली यांच्यामुळे जितका फरक पडतो, त्याच्या पासंगालाही दोन बऱ्या ॲम्प्लिफायरमधला फरक पुरत नाही. हातात २५ हजार रुपये असतील तर त्यातले १५-१६ हजार मी स्पीकरवरच घालेन.

स्पीकर घरात असतील तर त्यांची पाठ बघा. दोघांपैकी एकाला विजेची वायर आणि आवाजाचं बटण असेल, तर ते ॲक्टिव्ह स्पीकर. ॲम्प्लिफायर त्यांच्या पोटातच आहे. तुम्हाला वेगळा घ्यायची गरज नाही, पैसे वाचले.

नुसत्या लाल-काळ्या टर्मिनलचे, म्हणजे पॅसिव्ह स्पीकर असतील, तर दोन आकडे टिपून ठेवा. पहिला इम्पिडन्स, म्हणजे स्पीकरचा विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध : ४, ६ किंवा ८ ओहम. जितके ओहम कमी, तितका ॲम्प्लिफायरवर ताण जास्त. ४ ओहमचे स्पीकर असतील तर ॲम्प्लिफायरच्या माहितीत ४ ओहम चालतील असं स्पष्ट लिहिलेलं हवं. जुन्या स्पीकरची पट्टी पुसली गेली असेल तर वायर काढून मल्टिमीटर लावा : ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीन.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा, डेसिबल या आवाजाच्या एककात. घरगुती स्पीकरचा तो बहुधा ८४ ते ९० च्या दरम्यान असतो. स्पीकरवर ‘१०० वॅट’ लिहिलेलं असतं ती फक्त त्याची सहनशक्ती. तेवढे वॅट द्यायलाच हवेत असा त्याचा हट्ट नसतो.

पायरी २ : आपल्याला किती वॅट लागतात ते काढा

समजा सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल आहे. म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज येतो. तुम्ही बसता ३ मीटरवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. त्या हिशेबाने तुमच्यापर्यंत साधारण ७६ पोचतात. स्पीकर दोन आहेत, ३ मिळवा. शिवाय खोलीच्या भिंती आवाज परत पाठवतात, म्हणजे एकूण ८० च्या आसपास. एवढ्या आवाजात शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागतो. आणि हे एकेका वॅटमध्ये झालं.

मात्र संगीत एका पातळीवर चालत नाही. तबल्याची समेवरची थाप, ढोलकीचा कडकडून पडलेला हात, सिनेसंगीतातला ब्रासचा झटका, हे क्षण सरासरीच्या १० ते १५ डेसिबल वर उसळतात. १० डेसिबल वाढवायला दहापट वॅट लागतात, १५ डेसिबलला तीसपट. म्हणजे जोरात ऐकतानाही १० ते ३० वॅटमध्ये काम भागतं. ॲम्प्लिफायर कमी पडला तर याच थापा बोथट होतात, आणि फारच ताणला तर आवाज फाटतो.

उलट बाजूने बघा : ५० वॅटऐवजी १०० वॅटचा घेतला तर फायदा किती? ३ डेसिबल. ऐकणाऱ्याला ‘थोडं वाढलं’ इतकंच जाणवतं. दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. १९७८ साली आलेला आणि स्वस्त ॲम्प्लिफायर म्हणून जगभर गाजलेला एनएडी ३०२० कागदावर फक्त २० वॅटचा होता.

माझं मत सांगायचं तर फ्लॅटमधल्या हॉलसाठी दर चॅनेलला, म्हणजे दर स्पीकरला, खरे ३० ते ५० वॅट भरपूर झाले. स्पीकर ८४ डेसिबलचे असतील, हॉल मोठा असेल किंवा घरात नाचगाणं होत असेल, तर ६० ते ८० घ्या. त्यापुढचे पैसे स्पीकरकडे वळवा. तसंही निवासी भागात घराबाहेरच्या आवाजाची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० नंतर ४५ आहे.

पायरी ३ : छापलेला आकडा सोलून बघा

‘पीएमपीओ’ (क्षणभराचा फुगवलेला कमाल आकडा) ही अक्षरं दिसली की तो आकडा वाचूच नका. कॅसेट प्लेअरच्या जमान्यापासून ती फक्त खोकं सजवायला वापरली जातात. बघायचे ते आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॅट, आणि त्यातही चार प्रश्न विचारायचे : किती ओहमवर? किती विकृतीला, म्हणजे मूळ आवाज किती बिघडलेला असताना? कोणत्या फ्रीक्वेन्सीवर? दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना का? ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.१ टक्क्याहून कमी विकृती, ४५+४५ वॅट’ असं लिहिणारा प्रामाणिक. ‘१ किलोहर्ट्झ, ४ ओहम, १० टक्के विकृती, १०० वॅट’ असं लिहिणाराही खोटं बोलत नाही, पण १० टक्के विकृतीला आवाज खरखरीत होऊन जातो. त्या १०० चे ८ ओहमवर स्वच्छ वॅट निम्म्याहून कमी भरतील.

सध्या ऑनलाइन जे हाताच्या पंजाएवढे ॲम्प्लिफायर मिळतात, त्यांच्या बाबतीत एक सोपी युक्ती आहे. सोबतच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा. व्होल्टचा वर्ग करा आणि त्याला ओहमच्या दुपटीने भागा. हे ब्रिज पद्धतीने चालणाऱ्या, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही टोकांना सिग्नल देणाऱ्या चिपचं गणित आहे, आणि असले बहुतेक डबे त्याच पद्धतीचे असतात. जुना १९ व्होल्टचा लॅपटॉप चार्जर लावला तर ८ ओहमवर ३६१ भागिले १६, म्हणजे जेमतेम २२ वॅट. २४ व्होल्टला ३६, ३२ व्होल्टला ६४, ४८ व्होल्टला १४४. यातून थोडी घट धरा. मग ॲडॉप्टरचे व्होल्ट गुणिले अँपिअर करून बघा : ३२ व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे १६० वॅट. दोन्ही चॅनेल मिळून यापेक्षा जास्त सतत देऊच शकत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तरीही अशा डब्यांवर ‘३००+३०० वॅट’ लिहिलेलं असतं. तो आकडा येतो चिपच्या माहितीपत्रकातून. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३२५५ ही चिप ३१५ वॅटची म्हणून विकली जाते, पण ४ ओहमवर, १० टक्के विकृतीला आणि पन्नासच्या वर व्होल्ट दिल्यावर. तुमच्या घरी ३२ व्होल्ट आणि ८ ओहमवर तिचे ५०-५५ होतील. वाईट काहीच नाही, पायरी २ च्या हिशेबाने ते हवे त्याहून जास्तच आहेत. फक्त ३०० चे पैसे मोजू नका.

पायरी ४ : कोणत्या जातीचा घ्यायचा?

स्वस्तात दोन जाती मिळतात. क्लास एबी म्हणजे पारंपरिक, आत जड ट्रान्सफॉर्मर, वजन सात ते नऊ किलो, वर हात ठेवला की कोमट लागणारा. डेनॉन पीएमए ६००, मॅरँट्झ पीएम ६००७, यामाहा ए-एस ३०१ हे या वर्गातले. ८ ओहमवर पहिले दोन ४५ वॅटचे, यामाहा ६० वॅटचा. वर्षानुवर्षं चालतात आणि दुरुस्त होतात, पण नवे घेतले तर परवडणाऱ्या गोष्टींच्या वरच्या टोकाला जातात.

क्लास डी छोटा, हलका, वीज कमी खाणारा आणि जवळजवळ गार राहणारा. ‘क्लास डी म्हणजे कोरडा आवाज’ ही समजूत जुनी झाली. आजच्या चांगल्या चिपवरचा पाच ते दहा हजारांच्या पट्ट्यातला फोसी किंवा आयिमाचा डबा बहुतेक घरांना पुरतो, आणि पहिला ॲम्प्लिफायर घेणाऱ्याला मी तोच सुचवेन. एक पथ्य मात्र पाळायचं : यांच्या डाव्या-उजव्या चॅनेलच्या काळ्या वायरी एकमेकींना कधीही जोडायच्या नाहीत. ब्रिज पद्धतीत काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नसतो, त्यालाही सिग्नल असतो. जोडल्या तर चिप जळू शकते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीकडे सुटे बोर्ड मिळतात. सोल्डरिंग येत असेल तर मजा आहे. एलए ४४४० या जुन्या आयसीचा बोर्ड मात्र घेऊ नका. त्या आयसीचे स्टिरिओत चॅनेलला ६ वॅट होतात, दुकानदार काहीही म्हणो.

मंडळाच्या गणपतीत किंवा सभागृहात दिसणारे आहुजासारखे पीए (सभा-समारंभाचे) ॲम्प्लिफायर घरी आणायचा मोहही टाळा. ते माइकसाठी आणि लांबवर पसरलेल्या भोंग्यांसाठी बनवलेले. त्यातले बरेचसे मोनो असतात आणि त्यांना १०० व्होल्ट लाइनचं आउटपुट असतं, ज्याला घरचा स्पीकर चुकून जोडला तर गेलाच.

पायरी ५ : काय काय जोडायचंय त्याची यादी करा

मोबाइल एवढंच असेल तर ब्लूटूथ पुरे. सीडी प्लेअर, सेट टॉप बॉक्स यांना लाल-पांढऱ्या आरसीए पिना लागतात. टीव्हीसाठी ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी बघा. एआरसी असला तर टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो, आणि घरातल्या ज्येष्ठांच्या दृष्टीने ही सोय बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठी ठरते. वीम ॲम्पसारख्या थोड्या महाग डब्यात ती मिळते.

आजोबांच्या रेकॉर्डी वाजवायच्या असतील तर ‘फोनो’ लिहिलेलं इनपुट हवं. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईला धरणाऱ्या नेहमीच्या, एमएम जातीच्या कार्ट्रिजमधून सिग्नल येतो अवघा ५ मिलिव्होल्टच्या आसपास, तर सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. शिवाय रेकॉर्डवर खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात. ते पूर्ववत करायचं काम फोनो विभाग करतो. तो नसेल तर वेगळा छोटा फोनो प्रीॲम्प घ्यावा लागेल, त्याचे पैसे आत्ताच धरा. पुढेमागे सबवूफर (फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर) जोडायचा विचार असेल तर ‘सब आउट’ आहे का ते बघून ठेवा.

पायरी ६ : जुना किंवा परदेशातून येणारा असेल तर

सेकंडहँड क्लास एबी हा पैशाच्या मानाने सगळ्यात चांगला सौदा ठरू शकतो, पण चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका. आवाजाचं बटण हळूहळू फिरवा : किंचित खरखर क्लीनरने जाते, एक बाजू गायब होत असेल तर भाव पाडा. सुरू केल्यावर काही सेकंदांनी रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा, ‘टक्’ येतोय ना बघा. इनपुट न लावता स्पीकरला कान लावा. मोठी गुणगुण म्हणजे बहुधा पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकले. मल्टिमीटर असेल तर स्पीकर काढून टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत ठीक, १०० च्या वर असेल तर सोडून द्या.

अमेरिकेतला भाऊ किंवा भाची येताना ॲम्प्लिफायर आणणार असेल तर आधी पाठीमागची पट्टी फोटो काढून मागवा. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३०. थेट लावला तर फ्यूज उडेल किंवा ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा तर तो जड आणि खर्चाचा. बाहेरच्या ॲडॉप्टरवर चालणाऱ्या डब्याला बहुधा हा त्रास नाही; ॲडॉप्टरवर ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलेलं असलं की झालं. दुबईहून येणाऱ्या वस्तूंचाही प्रश्न नसतो.

पायरी ७ : घरी आणल्यावर

महागड्या स्पीकर केबलच्या नादी लागू नका. हार्डवेअरच्या दुकानातली दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर पाच-सात मीटरसाठी उत्तम. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तेवढी टाळा. लालला लाल, काळ्याला काळी. एका स्पीकरला उलटी लागली तर खर्ज पातळ होतो आणि गायक मधोमध उभा न राहता कुठेतरी पसरतो. ऐकून शंका आली तर एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून बघा, कोणती बाजू बरोबर ते लगेच कळतं.

टीव्ही किंवा लॅपटॉप जोडल्यावर सतत हम येत असेल तर बहुधा अर्थिंगचा लूप झालाय, म्हणजे उपकरणं एकापेक्षा जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेलीत. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, सेट टॉप बॉक्सची डिशकडून येणारी वायर काढून बघा. त्यापैकी कशाने थांबली ते कळलं की दोनेकशे-पाचशे रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका.

मग ओळखीचंच काहीतरी लावा. तंबोऱ्याची जवारी स्वच्छ आणि सलग ऐकू येते का, डग्ग्याची घुमक फुगत नाही ना, गाणं थांबल्यावर स्पीकरमधून सुसकारा येत नाही ना. आवाज नेहमीपेक्षा जरा जास्त ठेवून तासभर चालवा आणि डब्याला, विशेषतः ॲडॉप्टरला, हात लावून बघा. ॲडॉप्टर चटका देत असेल, किंवा त्यावर भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) खूणच नसेल, तर परत करा. खोकं, थर्माकोल आणि बिल परतीची मुदत संपेपर्यंत माळ्यावर टाकू नका.