यूएसआर-मर्ज अडकलं, ते असं सोडवलं

डेबियन (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम) 11 वरून 12 वर जाताना अपग्रेड मध्येच थांबलं. यूएसआरमर्जची स्क्रिप्ट एका लायब्ररीवर अडून बसली: याच नावाची फाइल /लिब मध्येही आहे आणि /यूएसआर/लिब मध्येही, आता तुम्हीच ठरवा. तिचं बरोबरच आहे. /बिन, /एसबिन, /लिब मधला सगळा ऐवज /यूएसआर खाली हलवायचा आणि जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे नेणारा दुवा) ठेवायची, एवढंच तिचं काम. नावं सारखी पण फाइली वेगळ्या, अशा वेळी ती अंदाज बांधत नाही.

दोन्ही पाथवर ‘डीपीकेजी -एस’ (मोठा एस; फाइल कुठल्या पॅकेजची ते सांगतो) चालवलं. /यूएसआर/लिब मधली फाइल पॅकेजची निघाली, /लिब मधलीला कोणी वालीच नाही. कुठल्याशा स्कॅनर ड्रायव्हरच्या इन्स्टॉलरने ती परस्पर टाकलेली. ती बॅकअपमध्ये हलवली, लायब्ररींची यादी ताजी करायला ‘एलडीकॉन्फिग’ चालवलं आणि मग अडकलेलं अपग्रेड पुढे न्यायला ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. स्क्रिप्ट निमूट पुढे सरकली.

‘एमव्ही’ने (फाइल हलवायची कमांड) अख्खी /लिब हाताने हलवायचा मोह मात्र आवरा. 64 बिट इंटेल-एएमडी मशीनवर जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅममध्ये डायनॅमिक लोडरचा (प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या लायब्ररी जोडून देणारा) पाथ /लिब64 मधला असा कोरलेला असतो, आणि तिथली सिमलिंक /लिब मधल्याच फाइलकडे नेते. तो क्षणभर जरी नाहीसा झाला, तरी ‘एलएस’, ‘सीपी’, खुद्द ‘एमव्ही’ही चालत नाही, सिमलिंक बनवणार कशाने? म्हणून ‘बिझीबॉक्स-स्टॅटिक’ (अशा मूलभूत कमांड एकाच स्वयंपूर्ण फाइलमध्ये देणारं पॅकेज) आधीच टाकून ठेवलेलं बरं. त्याला लोडर लागत नाही.

शेवटी ‘एलएस -एलडी /बिन /एसबिन /लिब’ करून पाहिलं. तिन्ही सिमलिंक. स्कॅनरही चालतोय, पॅकेजमधल्याच लायब्ररीवर.