गाळ्यात केमिकल आहे? फाईल नंतर, आधी रॅक बघा

अंधेरीच्या एका प्लेटिंगच्या गाळ्यात सेफ्टीचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा फाईल एकदम टकाटक होती, आणि मागच्या रॅकवर पाण्याच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड. म्हणून सांगतो, पहिल्या दिवशी वही घ्या आणि गाळाभर फिरा, काय आहे किती आहे कुठे आहे सगळं लिहा, मोरीतलं क्लीनरसुद्धा. लेबल नसलेला डबा वास घेऊन ओळखायचा नाही, बाजूला ठेवा आणि घातक कचऱ्यात धरा.

मग सप्लायरकडून प्रत्येकाचा एसडीएस, म्हणजे सेफ्टी डेटा शीट, केमिकलच्या माहितीचा कागद, मागवा, द्यायला कुरकुर करतात पण सोडू नका. 16 सेक्शन असतात, त्यातले 4, 7, 8 आणि 10 तरी वाचाच, म्हणजे फर्स्ट एड, स्टोरेज, ग्लोव्हज-मास्क आणि कशाबरोबर ठेवायचं नाही ते. कागद इंग्लिशमध्ये आणि ड्रम उचलणारा पोरगा इंग्लिश वाचत नाही, त्यामुळे या चारांचं अर्धं पान मराठी-हिंदीत करून भिंतीवर डकवा. आणि नायट्राईलचे ग्लोव्हज सगळ्याला चालत नाहीत हं, ॲसिटोन काही मिनिटांत त्यातून आत येतं, त्याला ब्युटाईल रबर लागतं.

आता रॅक. सायनाइडला ॲसिड लागलं की हायड्रोजन सायनाइड गॅस, हायपोला (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच) ॲसिड लागलं की क्लोरीन गॅस, नायट्रिक थिनरवर सांडलं की आग. म्हणून हे एकमेकांपासून लांब, वेगवेगळ्या रॅकवर ठेवा. "जागाच नाही हो" हे प्रत्येक गाळ्यात ऐकायला मिळतं, मुंबईत भाडं काय आहे ते मलाही माहितीये, पण मग माल कमी मागवा ना, दर आठवड्याला टेम्पो येतोच की.

तळमजल्यावर असाल तर हे सगळं मेमध्येच करा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला होता. ॲसिडचे कॅन जमिनीपासून गुडघाभर वर, पण डोळ्यांच्या लेव्हलच्या वर कधीच नाही, खाली ट्रे हवाच.

कचऱ्याचं सोपंय. एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) ऑथरायझेशन, घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे 90 दिवसांच्या आत कचरा गाळ्याबाहेर, तळोज्याच्या घातक कचरा केंद्राला गाडी गेली की मॅनिफेस्टची, म्हणजे कचऱ्यासोबत जाणाऱ्या कागदाची, कॉपी जपून ठेवायची, आणि वर्षाचा रिटर्न, म्हणजे फॉर्म 4, दर 30 जूनच्या आत.

यात सगळे चुकतात ते रिकाम्या ड्रमला. केमिकलचा रिकामा ड्रम कायद्याने घातक कचराच, तरी तो भंगारवाल्याकडे जातो आणि तिथून कुणाच्या तरी चाळीत पाणी भरायला. निळा ड्रम कुठल्या घरात नाही सांगा! ऑथराइज्ड पार्टीलाच द्या, नंबर टाकून मोजून द्या, आणि थिनरचा ड्रम गाळ्यात कटरने कापायला कुणी घेतला तर आधी कटरचा प्लग बोर्डातून काढा, आत उरलेली वाफ एका ठिणगीत स्फोट करते.