तलावाकाठची शेती: पावसाआधी खताची आणि पंपाची काळजी

उन्हाळा सरता सरता मोठ्या गोड्या पाण्याच्या तलावाची पातळी उतरते, पाणी तापते आणि काठाला शेवाळाचा हिरवा तवंग दिसू लागतो. पिकाला, जनावरांना आणि अनेकदा पिण्यासाठीही हेच पाणी लागते. या तवंगाचे खाद्य बरेचसे आपल्याच शेतातून जाते, तेही पहिल्या जोरदार पावसात.

खतातले स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना धरून असते. माती वाहिली की तेही तलावात गेले. तिथे शेवाळाची वाढ बहुधा स्फुरदाअभावीच अडलेली असते, म्हणून थोडेसेही पुरते. अमेरिकेतील ईरी सरोवरात हेच घडले. ऑगस्ट २०१४ मध्ये काठच्या टोलेडो शहर परिसरातील सुमारे ४ लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही नको, असे सांगावे लागले. निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष उकळून जात नाही.

म्हणून डीएपी किंवा सुपर फॉस्फेट ही स्फुरदयुक्त खते रानात फेकू नका. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघाले तर मात्रा कमी करा. उरलेली पेरणीबरोबर बियाण्याच्या खाली-बाजूला मातीआड द्या. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर युरियाही थांबवा. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत रासायनिक खत टाकूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी चढले की ते थेट तलावात विरघळते. काठालगत गवताचा रुंद पट्टा न नांगरता राखा. फवारणीचा पंप काठावर धुऊ नका.

पाणी उपसणाऱ्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) तवंगाखाली, पण तळच्या गाळापासून वर ठेवा. ठिबकला सँड फिल्टर आणि त्यापुढे डिस्क फिल्टर हवाच. फिल्टरच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या दाबातला फरक वाढला की बॅकवॉश करा, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुवा. तवंगाचे पाणी पालेभाज्यांवर तुषारने मारू नका आणि जनावरांना तिथे उतरू देऊ नका. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे तवंग दाट साचतो, हे पाणवठा निवडताना पाहा.

तवंग मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकण्याचा मोह टाळा. पेशी फुटून विष पाण्यात उतरते आणि कुजण्यात प्राणवायू संपून मासे मरतात.

जलपर्णी फुलण्याआधी काढा. काठापासून दूर, पावसाचे पाणी तलावाकडे जाणार नाही अशा जागी शेणासोबत थर देऊन कुजवा. सांडपाणी मिसळणाऱ्या भागातली जलपर्णी मात्र खतासाठी घेऊ नका. तिच्यात जड धातू साठलेले असू शकतात.