गाय सारखी उलटते? रक्तातल्या प्रथिनांचा अहवाल नीट वाचा

भातकापणी उरकली की मुरबाड-शहापूरकडे जनावरे मोकळ्या खाचरांत चरायला सुटतात आणि गव्हाणीत पेंढा पडू लागतो. गाय माजावर येते, रेतन होते आणि २१ दिवसांनी पुन्हा माज, म्हणजे गाय उलटली. तीनदा असे झाले की वळू बदला, इंजेक्शन मारा, असे सल्ले सुरू होतात. त्याआधी रक्त तपासून घ्या, दोष संसर्गात, यकृतात किंवा खुराकात असू शकतो.

अहवालात 'एकूण प्रथिने' एवढाच आकडा पाहून थांबू नका. निरोगी गायीत तो साधारण ६.५ ते ८ ग्रॅम प्रति १०० मिली असतो, पण त्यात अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन अशी दोन खाती आहेत. अल्ब्युमिन ३ च्या खाली गेले आणि ग्लोब्युलिन तेवढेच वाढले, तर बेरीज ठीकच दिसते. ग्लोब्युलिन वाढणे म्हणजे बहुधा कुठेतरी जुना संसर्ग. व्यायल्यावर वार अडकली असेल तर आधी गर्भाशय तपासा.

अल्ब्युमिन यकृतात तयार होते, आणि आपल्या भातपट्ट्यात गोम इथेच आहे. खाचरातल्या, ओहोळाकाठच्या गोगलगायींमधून चपट्या कृमीची पिल्ले गवतावर येतात आणि जनावराच्या पोटात जाऊन यकृत पोखरतात. जबड्याखाली पाणी साचलेली सूज दिसली तर शंका पक्की धरा. अशा गायीला महागडी पेंड घालणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणे. शेण तपासून डॉक्टरांकडून चपट्या कृमीचेच औषध घ्या, नेहमीचे जंताचे औषध इथे चालेलच असे नाही. आणि दूध किती दिवस विकायचे नाही, हेही विचारा.

कृमी नसतील तर दोष बहुधा खुराकात. भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम ३-४ टक्के. १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडा, दाबून २१ दिवस हवाबंद ठेवा. वास उडून गेल्यावर थोडा थोडा सुरू करा. सहा महिन्यांखालच्या वासरांना तो नको, आणि युरिया नुसता आंबोणात तर कधीच नको, त्याने जनावर दगावते. वालाचे पीक घेत असाल तर त्याचा भुसा जाळू नका, गायीला घाला.

भिवंडी-कल्याणच्या तबेल्यांत दुखणे बहुधा उलटे. बियरचा चोथा आणि पेंड भरपूर, मका-भरड्यासारखे ऊर्जा देणारे खाद्य कमी. मग जास्तीच्या प्रथिनांमुळे रक्तात युरिया वाढतो, गर्भाशयातली आम्लता बिघडते आणि गर्भ टिकत नाही. रक्तातला युरिया नायट्रोजन प्रति १०० मिली २० मिलिग्रॅमच्या वर असेल तर पेंड कमी करा, भरडा वाढवा.

नमुना देण्यापूर्वी गायीला पोटभर पाणी पाजा, तहानलेल्या गायीचा आकडा फुगून येतो. खुराक बदलला तरी फरक दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात, तोवर प्रत्येक माजाची तारीख भिंतीवर खडूने लिहून ठेवा.