गोठ्यात लूत लागली का, हे आधी खांबावर बघा

पाडव्याला गोरवांची पूजा करताना कपिलेच्या गळ्यात झेंडूची माळ घातली आणि हात थबकला. मानेवर केस नाहीत, कातडी जाड नि सुरकुतलेली. खांबाचा एक कोपरा घासून गुळगुळीत झालेला मी कधीपासून बघत होते, पण गुरं अंग घासायचीच, म्हणून सोडून दिलं होतं. आमच्या गोव्यातल्या वाळपईच्या पावसात गुरं चार महिने गोठ्यात दाटीवाटीनं असतात. एकीची लूत, म्हणजे खरूज, दुसरीला लागायला तेवढं पुरतं.

आता मी आधी खांब बघते, मग जनावर. खांबाला, गव्हाणीच्या कडेला केस चिकटलेत का? चारा सोडून कोण अंग घासायला जातं? रवंथ अर्धवट टाकून कोण पाठ चाटतं?

मग त्या जनावराला उन्हात बांधा. गोठ्याच्या काळोखात काही दिसत नाही. शेळीचे कान, नाकाड, डोळ्यांभोवती. गाई-म्हशीची मान, वशिंड, शेपटीचं मूळ. केस उलटे फिरवून बघा. आधी बारीक पुळ्या, मग कोंडा, मग खपली. लूत आणणारी माइट, म्हणजे कातडीतला बारीक जीव, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. चालताना दिसली तर ती बहुधा ऊ किंवा गोचीड. गोल, राखाडी, कोरडा चट्टा आणि खाज फारशी नाही, तर गजकर्णाची शंका घ्या.

खात्री डॉक्टरच करतात. चट्ट्याच्या मध्यावर नव्हे, कडेला, किंचित रक्त दिसेपर्यंत पातं घासून खरवड काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तोवर काही चोपडू नका. मी कुणाच्या तरी सांगण्यावरून गाडीचं जळकं ऑइल लावलं. कातडी भाजली, वर गाय ते चाटत राहिली.

लुतीवरचं औषध आयव्हरमेक्टिन द्यायच्या आधी जनावर दुभतं आहे हे डॉक्टरांना सांगा. औषध दुधात उतरतं. माइटची अंडी त्यानं मरत नाहीत, म्हणून दुसरा डोस कधी, तेही विचारून घ्या. औषध एकीलाच देऊन भागत नाही, संगतीतल्या सगळ्या गुरांचं विचारा. दावी, गोणपाटंही धुवा. नवीन पाडी आणलीत तर महिनाभर वेगळी बांधा. आमच्याकडे ही पीडा बहुतेक तशीच आली.

धार काढताना माझ्याही मनगटांवर पुरळ उठला होता. मी भातकापणीची खाज म्हणून खोबरेल लावत बसले.