सालाहची कारकीर्द फलकावर मांडताना

जळगाव-भुसावळकडच्या शाळेत किंवा मंडळात फुटबॉलपटूचा माहितीफलक करायचा असेल, तर इजिप्तचा मोहम्मद सालाह घ्या. क्लब बरेच बदलल्यामुळे सराव चांगला होतो.

कार्डशीटवर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे क्लब: अल मोकावलून, २०१२ बासेल, जानेवारी २०१४ चेल्सी, २०१५ फिओरेंटिना, त्याच वर्षी रोमा, २०१७ लिव्हरपूल. फिओरेंटिना आणि रोमाचा पहिला हंगाम लोनवर (म्हणजे करार चेल्सीशीच, पण खेळायला तात्पुरता दुसऱ्या क्लबकडे) होता, तिथे बाण तुटक काढा. ते सामने चेल्सीच्या खात्यात टाकले की बेरीज बिघडते. सामने-गोलांच्या आकड्याखाली ‘फक्त लीग’ की ‘सर्व स्पर्धा’ हे लिहाच; दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत ते बहुधा यामुळेच.

उजवीकडे देश: पदार्पण २०११. इथे खरी गफलत वर्षाची होते. आफ्रिका चषक २०२१ प्रत्यक्षात जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅमेरूनला झाला; अंतिम सामन्यात इजिप्त सेनेगलकडून पेनल्टीवर हरला. म्हणून स्पर्धेचं नाव आणि खेळल्याची तारीख वेगळ्या रकान्यांत ठेवा. युरोपचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो आणि खेळाडू क्लब सोडून देशाकडून खेळायला गेलेला असतो. क्लबच्या बाजूला काही आठवडे रिकामे दिसले म्हणून लगेच ‘दुखापत’ लिहू नका.

फलक बाहेरच्या भिंतीवर लागणार असेल तर काळाच मार्कर वापरा, आपल्याकडच्या उन्हात लाल अक्षरं लवकर उडतात.